जाड चोच, फिकट चोच आणि अण्णांची चिठ्ठी

माझ्या दुकानात काउंटरखाली एक ड्रॉवर आहे. नवा चष्मा नेताना लोक जुना काढून ठेवतात आणि म्हणतात, "असू दे इथेच, नंतर नेईन." नंतर कुणी येत नाही. ते चष्मे मला वापरता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. आमच्या रविवारच्या किश्शांचं तेच झालंय. सहा वर्षं आम्ही चौघं दर रविवारी पक्षी बघायला जातो आणि परतताना एखादी गोष्ट माझ्याकडे राहून जाते. ड्रॉवर आता नीट बंद होईना, म्हणून काही बाहेर काढतो.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी सुधीर, रत्नागिरीच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान. शुभांगीताई सरकारी कृषी सहायक. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकल्या, त्यामुळे झाडापासून सुरुवात करतात आणि पक्ष्यापर्यंत जरा उशिरा पोचतात. मनोहर आंबा बागायतदार. त्याची बाग पावसच्या रस्त्याला, कातळ फोडून केलेली, आणि आम्ही बहुतेक तिथेच पडीक असतो. चौथे अण्णा. मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या फॅक्टरीत त्यांनी पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. वय पंचाहत्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, बंदराजवळच्या घरात एकटेच राहतात.

आमचं सगळं भांडण दोन पक्ष्यांवरून. दोघंही फुलटोचे. अंगठ्यापेक्षा थोडे मोठे, धुऊन धुऊन विटलेल्या खाकीच्या रंगाचे, एका जागी दोन सेकंद न टिकणारे. एकाची चोच जाड, एकाची बारीक आणि फिकट. पुस्तक म्हणतं, चोच बघा. पुस्तक लिहिणाऱ्याचं काय जातं? चोच तांदळाच्या कणीएवढी, पक्षी कलमाच्या शेंड्याला, आणि बघणाऱ्याच्या मानेला पट्टा.

दोघांचं खाणं मात्र एकच, ते म्हणजे आंब्यावरच्या बांडगुळाची फळं. जाड चोचीचा फळ सोलतो, गर खातो आणि चोचीला चिकटलेली बी फांदीला पुसतो. फिकट चोचीचा फळ अख्खं गिळतो. थोड्या वेळाने बी दुसऱ्या बाजूने बाहेर येते, तीही चिकटच असते, मग तो बूड फांदीला घासतो. म्हणजे एक वरून पेरतो, एक खालून पेरतो. बागायतदाराचं नुकसान दोन्हीकडून सारखंच.

*

सुरुवातीला आमच्यात चिठ्ठ्या नव्हत्या. शुभांगीताई जे म्हणतील ते आम्हाला दिसायचं.

एका रविवारी मनोहरच्या विहिरीजवळच्या कलमावर त्यांनी दुर्बीण लावली आणि म्हणाल्या, "जाड चोचीचा." मी बघितलं, मलाही चोच जाड दिसली. अण्णा म्हणाले, "हाय, जाड हाय." मनोहर तर म्हणाला, "डोळा लाल आहे बघा." पुस्तकात जाड चोचीच्याचा डोळा लाल दिलेला आहे, तो त्याने आदल्या दिवशी वाचला होता.

दहा मिनिटं आम्ही त्या पक्ष्याचं कौतुक केलं. इतका शांत बसलेला फुलटोच्या कुणी बघितला नव्हता. मग वारा आला आणि पक्षी गोल गोल फिरायला लागला. ते कोळ्याच्या धाग्याला लटकलेलं सुकं पान होतं.

परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "आमच्या फॅक्टरीत गेजवरचा काटा बगायला दोन मानसं असायची. पयल्यानं आकडा बोलून दाखवला, की दुसऱ्याला तोच दिसायचा. मग साहेबानं सांगितलां, बोलायचां नाय, लिवायचां. दोगांनी वेगवेगळां."

तेव्हापासून ही पद्धत. पक्षी दिसला की कुणी तोंड उघडायचं नाही. माझ्या दुकानातल्या नंबर लिहायच्या कार्डांचे तुकडे मी नेतो. प्रत्येकाने आपल्या पेनाने नाव लिहायचं, घडी घालून दुर्बिणीच्या रिकाम्या पाकिटात टाकायचं. चिठ्ठ्या मी उघडून वाचतो, कारण डॉक्टरांचं अक्षर वाचायची मला सवय आहे. मग शुभांगीताई त्या डिंकाने वहीत चिकटवतात. खाडाखोड नाही, बदल नाही. सोबत पाहुणा असेल तर खाली साक्षीदार म्हणून त्याची सही.

वहीच्या पहिल्या पानावर ते सुकं पान चिकटवलेलं आहे. त्याखाली आम्हा चौघांच्या सह्या आहेत.

*

शुभांगीताईंची अडचण वेगळीच. सोमवार ते शनिवार त्या गावोगाव सभा घेऊन सांगतात की बांडगूळ कापा, ते झाडाचा रस शोषतं, कलम वाळतं. आणि रविवारी ते पेरणाऱ्या पाखरांवर जीव टाकतात.

लांज्याकडच्या एका गावात सभा होती. एक म्हातारे बागायतदार उभे राहिले. "बाई, आमी दर साली कापतो. परत येतांच. ता येतां कुटनं?"

शुभांगीताई खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "पक्षी आणतो."

"कुटचा पक्षी?"

"फुलटोच्या म्हणून एक लहान पक्षी असतो."

"कसा दिसताय तेवडा सांगा," म्हातारे म्हणाले. "माज्याकडं छर्‍याची बंदूक हाय."

सभेत सगळे वळून बाईंकडे बघायला लागले. शुभांगीताई पाणी प्यायल्या. मग अगदी ऑफिसातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "त्यात दोन जाती आहेत, आणि नेमकी कुठली जबाबदार आहे हे अजून निश्चित झालेलं नाही. अभ्यास चालू आहे. तोपर्यंत कुणावरही कारवाई करू नये."

तो अभ्यास म्हणजे आम्ही चौघं.

*

मनोहरच्या बागेत सगळ्या कलमांवरचं बांडगूळ दरवर्षी कापलं जातं, विहिरीजवळचं एक सोडून. ते त्याने पाखरांसाठी ठेवलंय. घरात मात्र त्याने सांगितलं होतं की शेती खात्याचा तिथे प्रयोग चालू आहे.

त्याची बायको हुशार आहे. दोन वर्षं ती काही बोलली नाही. मग एका रविवारी आम्ही पडवीत बसून तिने केलेली घावणं खात असताना तिने थेट शुभांगीताईंना विचारलं, "ताई, विहिरीजवळचं कलम निम्मं वाळलं. तुमचा प्रयोग कसला आहे?"

मनोहर चटणीकडे बघत बसला. शुभांगीताई खोटं बोलत नाहीत हे मी वर सांगितलंच. त्या म्हणाल्या, "वहिनी, कोण जास्त नुकसान करतं, ते बघतोय."

वहिनींनी आम्हा सगळ्यांच्या पानांत आणखी एकेक घावण वाढलं.

"चौघांपैकी?" त्या म्हणाल्या.

*

अण्णांचं बघणं आम्हाला पहिल्यापासून गमतीचं वाटायचं, पण गेल्या दोन वर्षांत ते जास्तच झालं. पक्षी उजवीकडे असला तर अण्णा डावीकडच्या माडाकडे बघत उभे. दुर्बीण गळ्यात, पण डोळ्याला नाही. मान जरा तिरकी. आणि चिठ्ठी उघडली की नाव बरोबर.

एकदा पुण्याहून एक फोटोवाले पाहुणे आले होते. हातभर लांब लेन्स, तिला ठिपक्याठिपक्यांचं कव्हर, अंगात तसलंच जाकीट. त्यांनी एका फुलटोच्याचे दोनेकशे फोटो घेतले असतील. कॅमेरा थांबेपर्यंत अण्णा विहिरीच्या कठड्याला टेकून समुद्राच्या दिशेला तोंड करून उभे होते.

चिठ्ठ्या उघडल्या. पाहुणे फिकट. शुभांगीताई फिकट. मी आणि मनोहर फिकट. अण्णा एकटे जाड.

पाहुणे हसले. "काका, तुम्ही तर बघितलंच नाहीत," म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी फोटो मोठा करून दाखवायला घेतला. मोठा करत गेले, तसतशी चोच जाड होत गेली. शेवटी इतकी जाड झाली की त्यांनी कॅमेरा बंद केला.

"पण काका, तुम्हाला कळलं कसं?"

"तो शेपटी हलवत व्हता," अण्णा म्हणाले. "डावी-उजवी. जाड चोचीचाच तसा करतो. तुमी फोटो काढत व्हता ना. फोटोत शेपटी हलत नाय."

पाहुण्यांनी वहीत साक्षीदाराची सही फार बारीक अक्षरात केली आहे.

*

अण्णांचा मुलगा प्रशांत कल्याणला असतो. नोकरी चांगली, स्वभाव चांगला, बापावर माया आहे. गणपतीला आणि शिमग्याला येतो आणि दर खेपेला एकच विषय काढतो की अण्णा, आता इथे एकटे राहू नका, माझ्याकडे चला.

गेल्या गणपतीत हा विषय माझ्या दुकानात निघाला. प्रशांत चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला होता, अण्णा नेहमीसारखे बाकावर बसलेले.

"तिकडे मी काय करू?" अण्णा म्हणाले. "तिसऱ्या माळ्यावरनं लोकांचे कपडे बगत बसू?"

"आणि इथे पडलात-बिडलात तर? मला कळेपर्यंत दुसरा दिवस."

मी स्क्रू शोधत राहिलो. दोघांचंही बरोबर असलं की दुकानदाराने स्क्रू शोधावा.

अण्णा म्हणाले, "हे बग. हे दोन फुलटोचे हायत. त्यांतला कोनता कोन, ह्यां भल्याभल्यांना सांगता येत नाय. सुधीरला इचार. जवर माला सांगता येताय, तवर मी धडधाकट हाय. ज्या रविवारी माजी चिठ्ठी चुकंल, त्या रविवारी बॅग भरतो. मग एक शब्द बोलनार नाय. पन तवर तू बोलायचां नाय."

प्रशांत हसला. "लेखी द्या."

"लेखीच असतां आमच्यात," अण्णा म्हणाले.

प्रशांतने ते हसण्यावारी नेलं असेल असं मला वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "सुधीरकाका, चिठ्ठी?"

"बरोबर," मी म्हणालो.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी फोन. एवढंच विचारायचा, एवढंच मी सांगायचो. आणि ते खरं असायचं.

*

दिवाळीनंतर अण्णा दुपारच्या वेळी दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाले, "नंबर तपासून टाक. बरेच दिवस झाले."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितलं. अण्णांनी पहिली मोठी ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरी, चौथी. अगदी तळाची मुंगीएवढी ओळही न अडखळता घडाघडा वाचली. पंचाहत्तराव्या वर्षी तळाची ओळ वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

फक्त तो तक्ता मी गणपतीच्या आधीच बदलला होता. अण्णा जुना वाचत होते.

इतकी वर्षं बाकावर बसून, माझ्या गिऱ्हाइकांना वाचताना ऐकून त्यांना तो पाठ झाला होता. मी दुसरा डोळा झाकला. त्यांनी पुन्हा तोच जुना तक्ता म्हणून दाखवला. मी म्हणालो, "छान."

मग मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की पडद्याचा मधला भाग दोन्हीकडे खराब झालाय. चष्म्याने सुधारणार नाही. कडेचं दिसत राहील, त्यामुळे चालतील-फिरतील, वस्तूंना आपटणार नाहीत. पण ज्याच्याकडे सरळ बघतील तेच दिसणार नाही.

तेव्हा मला माडाकडे बघणं कळलं. पक्षी दिसावा म्हणून अण्णा पक्ष्याकडे बघत नव्हते. तसा कडेनेही तो त्यांना अंधूक ठिपक्याएवढाच दिसत असणार. हलणारी शेपटी दिसत असेल, फांदीला पुसायची हालचाल दिसत असेल. चोच मात्र त्यांनी किती दिवसांत बघितली नव्हती, कुणास ठाऊक. पुस्तक वाचून चोच शोधणारे आम्ही, आणि चोच सोडून बाकी सगळं बघणारा हा माणूस आमच्यापेक्षा कमी चुकत होता.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "परशांतला सांगनार हायस काय?"

"गिऱ्हाइकाचा नंबर मी कुणाला सांगत नाही," मी म्हणालो.

हे बरोबर केलं की चूक, मला आजही माहीत नाही. घरात गॅस आहे, बाहेर बंदराचा रस्ता आहे, मासळीच्या गाड्या धडाधड येत-जात असतात. प्रशांतची काळजी खोटी नव्हती. पण अण्णांना रविवारी घ्यायला गेलो की ते सात वाजल्यापासून दारात बूट घालून उभे असायचे, आणि ते बघून माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. मला त्यांच्यासाठी भीती वाटायची आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटायचं. मी मनोहरला आणि शुभांगीताईंना सांगितलं. दोघांनीही "बरं" म्हटलं.

*

त्यानंतरची एक गोष्ट सांगतो, म्हणजे अण्णा काय चीज आहेत ते कळेल.

माघात एका रविवारी धुकं होतं, पक्षी कुणालाच दिसेना. नुसतं चिक-चिक ऐकू येत होतं. आम्ही कंटाळून डबे उघडले. अण्णा मनोहरला म्हणाले, "ती बांडगुळाखालची फांदी जरा वाकव."

मनोहरने फांदी वाकवली. अण्णांनी डोळे मिटले आणि सालीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. आपण अंधारात भिंतीवर बटण शोधतो तशी. मध्येच थांबायचे, एखादी चिकट बी चिमटीत धरायचे.

"ही वरनं पेरलेली," ते म्हणाले. "एकटी हाय. ही बग, ही खालनं. तीन बिया, मदे धागा. वरनं, खालनं, खालनं. मनोहर, दोगं येतात तुज्या कलमावर. जाड कमी, फिकट जास्ती."

सहा वर्षांत आम्हाला जे दुर्बिणीने ठरवता आलं नव्हतं, ते अण्णांनी दोन मिनिटांत हाताने ठरवलं. शुभांगीताई भारावून वहीत लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली, तर अण्णा डब्यातले पोहे उचलत होते.

"अण्णा, आधी हात!" त्या ओरडल्या. "त्यातल्या निम्म्या बिया खालून आल्यात."

*

आता शेवटचा किस्सा.

शिमग्याला प्रशांत आला. पालखी झाली, तरी परत जाईना. शनिवारी दुकानात येऊन म्हणाला, "काका, उद्या मी पण येतो तुमच्याबरोबर." मग म्हणाला, "मी स्टेशनवर उतरलो, तेव्हा अण्णा समोर उभे होते. मी अगदी समोर गेलो. हाक मारेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही."

"गर्दी असेल," मी म्हणालो.

"गर्दी नव्हती."

रविवारी सकाळी आम्ही पाच जण मनोहरच्या बागेत. विहिरीजवळच्या कलमावर बांडगुळाची फळं पिकून लाल झाली होती. प्रशांत अण्णांच्या शेजारी उभा होता. मनोहरने दोनदा विहिरीत डोकावून पाहिलं.

पक्षी आला. माझ्या समोरच्या फांदीवर, आठ-दहा हातांवर. इतक्या जवळ तो कधी येत नाही. मला चोच स्वच्छ दिसली, बारीक आणि फिकट. त्याने एक फळ अख्खं गिळलं. पण शेपटी हलवली नाही, आवाज केला नाही, फांदीला काही घासलं नाही. अण्णांना उपयोगी पडेल असं त्याने एकही काम केलं नाही. गिळलं आणि उडून गेला.

मी अण्णांकडे बघितलं. ते माडाकडे तोंड करून उभे होते. मानेची शीर ताणलेली दिसत होती.

मी तुकडे वाटले. अण्णांनी खिशाचं पेन काढलं. निवृत्तीच्या दिवशी फॅक्टरीतल्या लोकांनी दिलेलं, तेच ते नेहमी वापरतात. तळव्यावर कार्ड धरून त्यांनी सावकाश लिहिलं, दाबून, मोठ्या अक्षरांत. आमच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. चौघडी घालून त्यांनी चिठ्ठी टाकली, पाकीट त्यांच्या हाताखाली मी धरलं होतं.

मी उघडायला लागलो. शुभांगीताई, फिकट. मनोहर, फिकट. माझी, फिकट. चौथी अण्णांची.

चिठ्ठी कोरी होती.

पेनातली शाई संपली होती. कार्डावर नुसते पेनाचे खळगे होते. अण्णांना ते कळलेलंच नव्हतं. जरा तिरकी करून उजेडात धरली असती तर मला वाचता आली असती. मी धरली नाही.

"अण्णांचं काय आहे?" प्रशांतने विचारलं.

"फिकट," मी म्हणालो.

सहा वर्षांत मी चिठ्ठी वाचताना एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नव्हतं. अण्णांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. शुभांगीताईंनी हात पुढे केला, मी चिठ्ठ्या दिल्या. चौथी त्यांनी उलटून बघितली. मग डिंकाची बाटली उघडून त्यांनी चारही चिठ्ठ्या ओळीने चिकटवल्या, कोरीसकट. मनोहरने खांद्यावरून बघितलं आणि तो पुन्हा विहिरीत डोकावायला गेला.

"साक्षीदाराची सही लागते ना?" प्रशांत म्हणाला आणि त्याने वही घेतली.

ती त्याच्या हातातून काढून घ्यायला कुणालाच कारण सुचलं नाही. त्याने पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो दोन पावलं उन्हात गेला, वही डोळ्यांसमोर आडवी धरली, हळूहळू तिरकी केली, पुन्हा जरा तिरकी केली आणि तशीच धरून उभा राहिला. त्याची पाठ आमच्याकडे होती.

परत येऊन त्याने खिशातलं पेन काढलं, चार चिठ्ठ्यांच्या खाली सही केली आणि वही शुभांगीताईंना दिली. अण्णा माझ्या डाव्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते, म्हणजे माझ्याकडेच.

"मी रात्रीच्या गाडीने निघतो, अण्णा," प्रशांत म्हणाला. "एकटाच."

मग त्याने अण्णांच्या खिशातलं जुनं पेन काढून आपल्या खिशात ठेवलं आणि आपलं त्यांच्या खिशाला लावलं.

"हे असू दे तुमच्याकडे," तो म्हणाला. "चांगलं उठतं."